ग्रेनाडा ते बेक्विया, हात राखून

कॅरिबियनमध्ये होड्या हाकणं हा श्रीमंतांचा नाद, असं निघण्याआधी घरात सगळ्यांनी ऐकवलं. भाड्याच्या यॉटबद्दल ते खरंही आहे. आम्ही तिघं मात्र मित्राच्या जुन्या २८ फुटी शिडाच्या होडीवर गेलो. सगळ्यात जास्त पैसे विमानाच्या तिकिटालाच पडले.

वाट पासपोर्टने ठरवली. ग्रेनाडा आणि सेंट व्हिन्सेंटसाठी आम्हाला आधी व्हिसा काढावा लागला नाही. उत्तरेचं मार्टिनिक फ्रान्सचं, पण युरोपचा नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. म्हणून सेंट व्हिन्सेंटच्याच बेक्विया बेटावरून मागे फिरायचं ठरलं.

पैसे वाचतात ते नांगरावर. मरीनामध्ये, म्हणजे होड्यांच्या धक्क्यावर, रोजचं भाडं, खाडीत स्वतःचा नांगर टाकला तर बहुतेक ठिकाणी फुकट. त्यामुळे होडीत बाकी काही जुनंपानं चालेल, नांगर आणि साखळी चांगलीच हवी. खोलीच्या पाचपट साखळी सोडायची, इंजिन उलटं चालवून ताण द्यायचा आणि मग मास्क लावून पाण्यात उतरायचं. नांगर वाळूत रुतलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला झोप लागत नसे.

ग्रेनाडाच्या पश्चिम किनाऱ्याने वर जाताना डोंगरांच्या आडोशाला वारा पडतो, तिथे डिझेल जाळावंच लागतं. उत्तरेचं टोक सुटलं की पूर्वेचा वारा आणि पश्चिमेला ओढणारा प्रवाह एकदमच अंगावर येतात. शीड आडोशातच कमी करून घेतलेलं बरं. वाटेत किक-एम-जेनी हा पाण्याखालचा ज्वालामुखी आहे. तो शांत असला तरी दीड किलोमीटर लांबून जायचं. ग्रेनाडाच्याच कॅरिआकू बेटावरची तिरेल बे ही खाडी उजेडातच गाठायची, म्हणून पहाटे निघालो.

प्रत्येक देशात शिरताना, प्रवेशाची परवानगी अजून बाकी आहे हे सांगणारा पिवळा झेंडा चढवायचा, कप्तानाने एकट्याने कागद घेऊन किनाऱ्यावर जायचं, कस्टम आणि इमिग्रेशन उरकायचं. शनिवार-रविवारी गेलात तर ओव्हरटाइमचे पैसे वेगळे, तेव्हा वार बघून निघा.

१ जुलै २०२४ च्या बेरिल वादळाने कॅरिआकू आणि युनियन ही बेटं पार झोडपली. आम्ही त्यानंतरच्या हिवाळ्यात गेलो, तरी छपरांवर ताडपत्र्या होत्याच. घासाघीस करायचं मनातही आलं नाही. भाजी, बर्फ, पाणी, सगळं सांगतील त्या भावाने घेतलं.

जेवण म्हणजे रोटी. १८५७ पासून ग्रेनाडात आलेल्या भारतीय मजुरांची ही देणगी. पातळ पोळीत वाटलेली डाळ, आत चिकन-बटाटा, एकीत पोट भरतं. तिखट मात्र आपलं आपण बेताने घ्या, तिथली मिरची भलतीच जहाल.

टोबॅगो केज या सेंट व्हिन्सेंटच्या छोट्या बेटांच्या पुंजक्यात सागरी उद्यानाचं माणशी शुल्क आहे. तेवढं खुशाल द्या. त्यातल्या बाराडाल बेटाजवळ समुद्री गवतावर चरणारी कासवं अगदी हाताच्या अंतरावरून जातात.

बेक्वियाहून दक्षिणेला उतरताना वारा बाजूने मिळाला आणि मोठ्या टप्प्यांवर डिझेल जवळजवळ लागलंच नाही.