नोट्स होत्याच की, मग पुस्तकाला एवढा वेळ का लागला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण रत्नागिरीत कुणीही भेटलं, कॉलेजात, लग्नात, एसटी स्टँडवर, की हेच विचारतात: सर, पायथनच्या (म्हणजे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेच्या) नोट्स तुमच्याकडे होत्याच, टाइप करायच्या आणि छापायच्या, त्याला एवढा वेळ कशाला?

अहो, नोट्स शिकवणाऱ्यासाठी असतात. माझ्या वहीत एक ओळ आहे, "इनपुट कायम स्ट्रिंग देतं, इंट लावणे". बस. वर्गात या एका ओळीवर निम्मा तास जातो, आणि त्या निम्म्या तासात काय काय होतं ते वहीत कुठेच नाही.

मी उदाहरण भरतीचं घेतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे इथल्या मुलांना शिकवावं लागत नाही, ज्यांच्या घरची होडी मिरकरवाड्याला लागते त्यांना तर नाहीच. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. मग तोच प्रोग्रॅम लिहायचा: तिथी विचारा, तीनने गुणा, चारने भागा. मुलं चार टाइप करतात आणि समोर चूक दाखवणारा मेसेज, टाइपएरर. कुणीतरी भागाकार काढून टाकतं, नुसता गुणाकार ठेवतं, तर उत्तर येतं ४४४! बारा कुठे गेले म्हणून एकच कल्ला. इनपुटमधून, म्हणजे टाइप करून आलेला चार हे अक्षर (स्ट्रिंग) आहे, संख्या नाही, आणि अक्षराला तीनने गुणलं की पायथन ते तीनदा लिहितं. हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की इंट का लावायचं, म्हणजे त्या अक्षराची संख्या का करून घ्यायची, ते परत सांगावं लागत नाही.

इंट लावलं की पंचमीला ३.७५ येतं. म्हणजे तीन वाजून पंच्याहत्तर मिनिटं का सर? हा प्रश्न दर वर्षी येतो आणि मला तो फार आवडतो, कारण तिथूनच पुढचं निघतं. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, तिथी गुणिले ४५ केलं की पंचमीला २२५ मिनिटं, डबल स्लॅश लावून ६० ने भागलं की तास मिळतात ३, पर्सेंटच्या चिन्हाने बाकी मिळते ४५. पावणेचार. दोन ऑपरेटर एका दमात शिकवून होतात.

मराठी आकडा टाकला तर काय, हेही कुणीतरी विचारतंच. तर इनपुटला देवनागरी चार दिला तरी इंट तो बरोबर वाचतं, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं (किंमत साठवायच्या जागेचं) नाव देवनागरीत 'तिथी' ठेवलेलंही चालतं, पण प्रोग्रॅमच्या ओळीत देवनागरी चार लिहिला की सिंटॅक्सएरर, म्हणजे ओळ भाषेच्या नियमात बसत नाही.

पुस्तक वाचणारा मुलगा घरी एकटा असतो, त्याच्या शेजारी मी नाही. म्हणून वर्गात आलेला प्रत्येक प्रश्न त्याच्या मनात येईल तिथेच पानावर यायला हवा होता, चुकलेला प्रोग्रॅम आणि त्याचा एरर मेसेज जसाच्या तसा छापायला हवा होता, आणि मेसेज शेवटच्या ओळीपासून वाचायला घ्यायचा हेही तिथेच. शिवाय पावसात आमच्याकडे लाईट गेली की लॅब बंद, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमशेजारी आउटपुट आणि ड्राय रनचा (प्रोग्रॅम ओळीओळीने हाताने चालवून बघायचा) तक्ता, म्हणजे कागद-पेन्सिलवरही अभ्यास होतो. या तक्त्यांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा होता.

मग पानं पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचायला दिली, मी बाजूला बसलो, एक शब्द बोललो नाही. जिथे मूल मागची पानं उलटायला लागायचं ते पान परत लिहिलं.

पाऊणपटीचा नियम अंदाजी आहे, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे जाते. ते मी धड्याच्या शेवटी गणित म्हणून घातलंय: ४५ च्या जागी ५० धरा आणि पौर्णिमेला किती फरक पडतो ते काढा. १५ तिथींना सव्वा तास पडतो. होडीवाल्या घरातली मुलं लगेच विचारतात, मग खरं कुठलं सर? तेव्हा भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक आणतो, आणि लिस्टचा (एकाच नावाखाली अनेक किमती ठेवायचा) धडा त्याच आकड्यांवर सुरू होतो.