गणिताचा तास, संस्कृतचा तास आणि एक जर्मन मास्तर
(माजी विद्यार्थी, दहावी १९८४)

आमच्या वेळी नववी-दहावीचं वेळापत्रक असं होतं की गणिताच्या तासाला लागूनच संस्कृतचा तास. घंटा झाली तरी गणिताचे सर खडू खाली ठेवायचे नाहीत आणि बाई दारात वही छातीशी धरून उभ्या असायच्या. या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तेव्हा पहिली आठवण आली ती दारातल्या त्या दोन मिनिटांची.

सरांना गणित्यांच्या गोष्टी सांगायचा नाद होता. पण लहानग्या गाउसनं एक ते शंभरची बेरीज कशी चुटकीसरशी केली, ती गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नाही. "ती सगळेच सांगतात," म्हणायचे. त्यांना प्रेम होतं शाळामास्तर असलेल्या गणित्यांवर, आणि असे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत बरेच निघाले. वायरश्ट्रासबद्दल ते बोलायला लागले की पोरं खूश. बापानं कायदा शिकायला बॉनला धाडलं, तर हा तलवारबाजी करून, बिअर पिऊन पदवी न घेताच परत आला. मग लहान गावांतल्या शाळांत चौदा-एक वर्षं मास्तरकी. तिथे गणिताबरोबर भूगोल, सुलेखन आणि कसरतीचे तासही त्याच्याच गळ्यात. १८५४ साली त्याचा एक लेख क्रेलेच्या प्रसिद्ध गणिती नियतकालिकात छापून आला आणि क्योनिग्सबर्ग विद्यापीठानं त्याला घरबसल्या डॉक्टरेट दिली. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. दोन वर्षांत तो बर्लिनला प्राध्यापक झाला. मर्यादेची (लिमिटची) जी काटेकोर व्याख्या पुढे अकरावी-बारावीत आम्हाला छळणार होती, ती त्याच्याच व्याख्यानांतून रुळली. "कसरतीचे मास्तर!" असं म्हणून सर आमच्या पी.टी.च्या सरांकडे खिडकीतून पाहायचे.

कुमर हा दुसरा. लीगनित्सच्या शाळेत दहा वर्षं शिकवलं, पुढे मोठा गणिती झालेला क्रोनेकर तिथलाच त्याचा विद्यार्थी. पुढे त्यानं आदर्श संख्यांची कल्पना काढली आणि फेर्माच्या शेवटच्या प्रमेयाचा मोठा भाग सोडवला. पण पाढ्यांत कच्चा, असा किस्सा सांगतात. फळ्यापाशी सात नवे किती यावर अडला. एक पोरगा म्हणाला एकसष्ट, दुसरा म्हणाला एकोणसत्तर. कुमर म्हणाला, "अहो, दोन्ही कसं असेल?" आम्ही त्रेसष्ट ओरडेपर्यंत सर थांबायचे.

आणि तिसरा हेरमान ग्रासमान. जन्म १८०९, गाव श्टेटिन. (ही तिन्ही मंडळी ज्या गावांत मास्तरकी करत होती ती आज पोलंडात आहेत, हे मला फार नंतर नकाशात कळलं.) विद्यापीठात तो धर्मशास्त्र आणि भाषा शिकला, गणित आपलं आपण. जवळजवळ सगळी नोकरी श्टेटिनलाच. १८४४ मध्ये त्यानं एक पुस्तक काढलं. त्यात आज आपण ज्याला सदिश (वेक्टर) म्हणतो त्याचं बीज होतं, तीनच नव्हे तर हव्या तितक्या मितींचा अवकाश होता, आणि एक विचित्र गुणाकार होता. अ गुणिले ब म्हणजे त्या दोन बाजूंचा समांतरभुज चौकोन. ब गुणिले अ केलं तर तोच चौकोन, पण चिन्ह उलट, कारण कडेनं फिरण्याची दिशा बदलली. मग अ गुणिले अ? "शून्य. चौकोन चपटा झाला की क्षेत्रफळ कुठून येणार?" पुस्तक कुणी वाचलं नाही. १८४७ मध्ये त्यानं विद्यापीठातल्या जागेसाठी अर्ज केला. मंत्रालयानं अभिप्राय मागवला तो नेमका कुमरकडे. कुमरनं लिहिलं, मजकूर चांगला पण मांडणी सदोष. जागा गेली. हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा. एका मास्तरानं दुसऱ्या मास्तराला असं करावं, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. (मला विचाराल तर कुमरचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ते पुस्तक मी उघडून पाहिलंय.) १८६४ मध्ये प्रकाशकानं सुमारे सहाशे प्रती रद्दीत घातल्या.

त्या दिवशी सर इथवर आले आणि घंटा झाली. बाई आत आल्या तेव्हा फळ्यावर समांतरभुज चौकोन होता आणि खाली मोठ्या अक्षरात 'ग्रासमान'. बाई थबकल्या. "हा तुमच्याकडे कसा?"

"म्हणजे? गणिती आहे, बाई."

"छे! ऋग्वेदाच्या कोशाचा ग्रासमान. एम.ए.ला आम्ही रोज त्याच्याच मागे."

दोघेही हटेनात. शेवटी बाईंनी विचारलं, गाव कुठलं? श्टेटिन. मग दोघेही गप्प. वर्गात आम्ही चाळीस पोरं आणि पोरी, हे काय चाललंय न कळून बघत होतो.

गणिताकडून निराश होऊन तो संस्कृतकडे वळला होता. धा धातूचं रूप धधाति न होता दधाति का होतं, हे बाईंनी आधीच्याच आठवड्यात शिकवलं होतं: अभ्यासात महाप्राणाचा (ध, भ) अल्पप्राण (द, ब) होतो. (द्विरुक्तीतल्या पहिल्या भागाला 'अभ्यास' म्हणतात हे ऐकून आम्ही खूप हसलो होतो.) ग्रीकमध्येही असंच घडतं, तिथलं रूप तिथेमि. एकमेकांजवळच्या अक्षरांत दोन महाप्राण आले की पहिल्यातला ह गळतो, हा दोन्ही भाषांमधला नियम भाषाशास्त्रात आजही ग्रासमानच्या नावानं ओळखतात. बाईंनी त्या दिवशी फळा पुसला नाही. चौकोनाशेजारी उरलेल्या जागेत बिभर्ति, बभूव लिहिलं.

पुढच्या वर्षी पुण्याला कॉलेजात गेल्यावर एका ग्रंथालयात तो कोश सापडला. जाडजूड, ऋग्वेदातला शब्द न् शब्द, प्रत्येक रूप कुठल्या ऋचेत येतं त्याच्या आकड्यांसकट. मुखपृष्ठाची झेरॉक्स काढली आणि दिवाळीत सरांना नेऊन दिली. त्यांनी साल पाहिलं, १८७३. मनातल्या मनात वजाबाकी केली.

"म्हणजे तेव्हा हा चौसष्टचा. मला तर निवृत्तीलाच अजून सहा वर्षं आहेत."

मला वाटलं, उगाच बोलले असतील. माझा धाकटा भाऊ तेव्हा आठवीत होता. सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर त्यानं घरी येऊन सांगितलं की बाईंच्या तासाला मागच्या बाकावर गणिताचे सर येऊन बसतात, आणि देव शब्द चालवताना षष्ठीच्या द्विवचनाला अडतात.