भोगीचा डबा

डबा परत आला तो रिकामा. लखलखीत घासलेला, पुसलेला. खालच्या काकूंच्या सूनबाईनं दारातच हातात दिला आणि खाली निघून गेली. सकाळपासून तेच डोक्यात.

चिमूटभर साखर तरी? चार तीळ? काकूंच्या हातून आमचं भांडं कधी रिकामं वर आलं नाही. भोगीची भाजी खाली जायची, संक्रांतीला शेंगा होळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी, वर यायची. आता त्या होळगीसाठी मी भाजी देते का? नाही. मग एवढं का लागावं? काकू अजून धारवाडलाच आहेत. डॉक्टर काय म्हणाले, कुणी नीट सांगत नाही. ते नको आज.

काल १३ तारीख, भोगी. आदल्या दिवशीच गणपत गल्लीच्या बाजारातून सगळं आणलं होतं: पावटा, ओला हरभरा, घेवडा, गाजरं, काटेरी वांगी, बोरं, ऊस. सोलायला मी एकटी. एरवी काकू सूप घेऊन वर यायच्या, अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणं चालायचं आणि टोपली कधी संपायची कळायचंही नाही. पावट्याच्या सालीचा तो तेलकट वास बोटांना अजून आहे. ह्यांनी विचारलं, "एवढं कुणासाठी करूलालीस?" मी काही बोलले नाही. पोरं सुट्टी नाही म्हणतात. असो.

भाजी मात्र मनासारखी झाली. कुकर मी लावतच नाही, शिट्टीत वांग्याचा लगदा होतो. जाड बुडाचं पातेलं, फोडणीत आधी पावटा, हरभरा, शेंगदाणे. ते अर्धे शिजले की गाजर, घेवडा. वांगी सगळ्यात शेवटी. झाकणावर पाणी ठेवायचं आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत ओतायचं, गार पाणी नाही. मग भाजलेले तीळ आणि सुकं खोबरं वाटून, गुळाचा खडा, उसाचे करवे, बोरं. बोरांचा आंबटपणा रसात उतरला की चिंच लागत नाही. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर ह्यांनी दोनदा वाढून घेतली. आणि तरी मन त्या डब्यात.

रिकामा का दिला?

मघाशी सूनबाई पुन्हा वर आली. "पल्या छलो आगित्री, भाजी छान झाली होती, काकू. बोरं घातला होता काय?" तिच्या माहेरी सज्जी रोट्टी, म्हणजे बाजरीची भाकरी, असतेच, पण एणगाई (भरली वांगी) वेगळी, काळुपल्या (कडधान्याची उसळ) वेगळा, सगळं एका पातेल्यात तिनं कधी खाल्लं नव्हतं. आधी काय घालायचं, वांगी कधी, विचारत उंबऱ्यातच उभी. होळग्या यंदा केल्या नाहीत म्हणाली, सासूबाई नसताना एकटीला हात लागेना. भांडं रिकामं देऊ नये हे तिला कोण सांगणार? सांगणारी तिकडं खाटेवर. मीही नाही सांगितलं. आत बोलावलं, चहा टाकला, आणि बोलता बोलता ती काकूंबद्दल जे सांगून गेली ते ऐकून बरं वाटलं, थोडं.

वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भात निघाल्यावर त्याच ओलीवर पेरलेला मसूर अजून निघायचा आहे. नवा मसूर आला की बटाटा, वांगं घालून असंच एका पातेल्यात करायचं ठरलंय, आमच्या ओट्यावर, दोघींनी मिळून. मसूर मी आणीन. वांगी तिला आणायला सांगितलीत, काटेरीच.