अण्णांची रात्रीची गोळी

खुब्याचे हाड मोडून दाखल झालेल्या एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांना तपासण्यासाठी अस्थिरोग विभागातून मला बोलावणे आले, तेव्हा शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडून दुसरा दिवस उजाडला होता. करवीर तालुक्यातील हे ऊस बागायतदार; घरात सारे त्यांना अण्णा म्हणत. अंगाला घाम फुटलेला, नाडी 120 च्या पुढे, हातांना कंप, आणि चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या ते एकेक करून चिमटीत धरून खाली टाकत होते. दारू एकाएकी तुटल्यावर दिसणारे हे चित्र ओळखीचे असल्यामुळे मी मुलाला तसे विचारले, आणि ते त्याला चांगलेच लागले. "डॉक्टर, अण्णा माळकरी हाईत," एवढेच तो म्हणाला.

साखर, सोडियम, ऑक्सिजन यांत दोष नव्हता. चालू औषधांच्या रकान्यात रक्तदाबाची एकच गोळी नोंदलेली होती. झोपेसाठी काही घेतात का, असे मुद्दाम विचारल्यावर सून म्हणाली, "ती व्हय, ती रोजचीच की. त्येला औषध कुठं म्हणायचं?"

घरून औषधांची पिशवी येईपर्यंत अण्णांना आकडीचा झटका आला. शिरेतून लोराझेपाम हे आकडी थांबवणारे औषध दिल्यावर तो थांबला. पिशवीत अल्प्राझोलाम या मन शांत करून झोप आणणाऱ्या औषधाच्या, अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या आणि घडीवर फाटून चिकटपट्टी लावलेली जुनी चिठ्ठी. पत्नी वारल्यानंतर काही दिवसांपुरती लिहिलेली रात्रीची एक गोळी कित्येक वर्षांत दोनवर, मग पहाटेच्या आणि दुपारच्या एकेका गोळीवर गेली होती. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम या जातीची औषधे वाढवतात. मेंदू त्या जादा शांततेला सरावतो, तोच डोस पुरेनासा होतो, आणि गोळी एकदम बंद झाली की दबलेली उत्तेजना उसळते. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर निघून जाते, म्हणून हा त्रास एकदोन दिवसांतच सुरू होतो आणि क्वचित जिवावरही बेततो.

अण्णा पडले कसे, याचाही उलगडा मग झाला. पहाटेची गोळी घेऊन ते लघवीला उठले आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तोल गेला. उतारवयात या गोळ्यांनी पाय लटपटतात, स्मरण मंदावते, पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. आणि वेदनेसाठी ट्रामाडोलसारखे अफूवर्गीय औषध सोबत दिले तर श्वास मंदावू शकतो, म्हणून त्यांच्या वेदनाशामकांचीही फेरतपासणी करावी लागली. अल्प्राझोलाम 2014 पासून शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या आणि विक्रीची नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. विक्रीची वेगळी वही ठेवून रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव त्यात लिहिणे दुकानदाराला बंधनकारक आहे. इतक्या जुन्या चिठ्ठीवर तिथे काय लिहिले जात होते, याचे मला आजही कुतूहल आहे.

गोळी थांबवलेलीच ठेवा, असा मुलाचा आग्रह होता. त्याला समजावायला झटका थांबवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी त्याच जातीच्या पण जास्त काळ टिकणाऱ्या क्लोनाझेपामवर आणून, दर काही आठवड्यांनी थोडे थोडे कमी करायचे, असा कागद सुनेच्या हाती दिला आणि गोळ्या तिच्याच ताब्यात ठेवायला सांगितल्या. अण्णा आता काठी घेऊन चालतात. झोप उडाल्याची तक्रार घेऊन ते दर फेरीला येतात; मी डोस वाढवत नाही, फक्त पुढची घट लांबवतो.