तुम्ही विचारलंत म्हणून : विश्वास परत कधी बसला?

मीटिंग संपली तरी बायका लगेच निघत नाहीत. चपला घालताना, छत्री उघडताना, गेटपाशी रिक्षाची वाट बघताना खरे प्रश्न निघतात. व्यसनी माणसाच्या घरच्यांचा आमचा गट आहे, नाशिकमध्ये, आठवड्यातून एकदा भरतो. आत कोण काय बोललं ते बाहेर न्यायचं नाही, हा नियम मी पाळते. पण गेटपाशी मला जे विचारतात त्याचं उत्तर माझं आहे, ते सांगायला हरकत नाही. ‘ताई, तुमच्या मिस्टरांची दारू सुटून इतकी वर्षं झाली. तुमचा विश्वास परत कधी बसला?’

विचारणारीचा नवरा बहुतेक वेळा नुकताच व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला असतो. तिला आकडा हवा असतो. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं, काहीही चालेल, पण आकडा. मीही असंच विचारलं होतं एकीला. ती म्हणाली, ‘हळूहळू बसतो.’ मी घरी येईपर्यंत तिच्यावर धुसफुसत होते.

(‘सोडून का नाही गेलात?’ असंही विचारतात. ते उत्तर वेगळं आहे आणि आज नको. एवढंच सांगते, की माझ्या ओळखीतल्या दोघी गेल्या आणि त्यांनी बरोबर केलं. माझ्या घरी भांडी उठली, हात उठला नाही. जिच्या घरी हात उठतो, तिनं माझ्या गोष्टीवरून स्वतःचं काही ठरवू नये.)

मी नवऱ्याला इथे ‘तो’ म्हणणार आहे. त्यामागे एक गोष्ट आहे. 1996 साली लग्न झालं तेव्हा मी ‘अहो’ म्हणायचे, आमच्याकडे सगळ्याच म्हणायच्या. 2011 च्या दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या पहाटे, तो जिन्यात पडलेला सापडला. तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा ‘अरे ऊठ’ निघालं. बारा वर्षांचा मुलगा शेजारी उटण्याची वाटी घेऊन उभा होता. त्या दिवसापासून ‘अहो’ ही गेलं आणि ‘अरे’ ही टिकलं नाही. पुढची नऊ-दहा वर्षं मी त्याला हाकच मारली नाही. ‘वाढलंय.’ ‘दार लावून घ्या कुणीतरी.’ ‘बिल आलंय.’ मराठीत कर्त्याशिवाय संसार करता येतो, मी करून दाखवला आहे.

तो टर्नर आहे, अंबडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो. 18 जून 2017 ला त्याला पुण्यातल्या एका केंद्रात दाखल केलं. त्याआधी एकदा त्यानं घरीच सोडायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसायला लागल्या आणि पहाटे फिट आली. रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांशिवाय एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, हे आम्हाला दवाखान्यात कळलं. आमच्या शेजारी अजून म्हणतात, मनाचा निग्रह हवा. निग्रहानं फिट थांबत नाही.

केंद्रात 35 दिवस. हिशेब करा, घरी यायचा दिवस 23 जुलै. त्या वर्षीची आषाढ अमावस्या. म्हणजे गटारी. वर रविवार. केंद्रातल्या ताईंनी विचारलंही, एक दिवस उशिरा नेता का? तो म्हणाला, ‘गटारी दर वर्षी येणार आहे.’ आम्ही संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा अख्ख्या गल्लीत मटणाचा रस्सा आणि खालच्या मजल्यावरून दुसरा तो वास. तो वरणभात खाऊन आठ वाजता झोपला. मी दोनपर्यंत खिडकीत बसून होते. वास खालून येतोय की आतल्या खोलीतून, हे ठरवत.

कारण वास हे माझं काम होतं. चौदा वर्षं. तो दारात आला की मी श्वास आत घ्यायचे. बडीशेप, लवंग, पुदिन्याची गोळी, कच्चा कांदा, पेरूचं पान, या सगळ्याच्या खालचं मला कळायचं. देशी की इंग्लिश तेही सांगता यायचं. तो केंद्रातून आला, पण माझ्या नाकाला कुणी डिस्चार्ज दिला नव्हता.

आणि विश्वासाचं म्हणाल तर तो एकट्या माझाच उडाला नव्हता. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण बायका हे सांगत नाहीत. एसटी स्टँडच्या भिंतीवर जाहिरात असते ना, ‘त्यांना न कळता दारू सोडवा’? ती पुडी मी मागवली होती. पार्सलनं आली, वर नाव नाही, आत काय ते लिहिलेलं नाही. आठ दिवस मी ती त्याच्या वरणात घातली. नवव्या दिवशी तो पिऊन आला, जेवला आणि इतका ओकला, चेहरा असा लालबुंद, छाती अशी धडधडली, की मला वाटलं मी याला मारलं. नंतर केंद्रातल्या डॉक्टरांनी समजावलं. डायसल्फिराम नावाची खरी गोळी असते. ती दारूचं शरीरात होणारं विघटन अर्ध्यात अडवते, त्यातून ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साठतं आणि प्यायलं की असा त्रास होतो. ती हृदय आणि यकृत तपासून, पेशंटच्या संमतीनं, त्याला सगळं सांगून देतात, कारण गोळी थांबवल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. माझ्या पुडीत तीच होती की आणखी काही, कुणालाच माहीत नाही.

मी हे त्याला केंद्रातल्या जोडप्यांच्या बैठकीत सांगितलं. तो काही बोलला नाही. पण घरी आल्यावर पहिले काही महिने जेवायला बसला की वरणाची वाटी उचलून आधी नाकाजवळ न्यायचा. मग खायचा. मी दारात त्याला हुंगायची, तो पाटावर माझं वरण हुंगायचा. असा आमचा नवा संसार सुरू झाला.

पुण्याहून येताना मला वाटलं होतं, आता दारू गेली, म्हणजे दारूच्या आधीचा नवरा परत मिळेल. तसं काही होत नाही. आधीचा माणूस तीस-बत्तीसचा होता, हा सत्तेचाळीसचा. आणि आम्हाला बोलायला विषयच नव्हता. वाईट वाटेल, पण चौदा वर्षं आमच्या घरातला एकमेव विषय दारू हा होता. तो गेल्यावर जेवताना पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. त्यात तो चिडचिडा झाला. दारू नाही पण स्वभाव तसाच, याला गटात ‘ड्राय ड्रंक’ म्हणतात. एक-दोनदा तर माझ्या मनात आलं, की दोन पेगनंतरचा बरा हसायचा तरी. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग गटात एका सत्तरीच्या आजींनी तेच सांगितलं आणि सगळ्या इतक्या हसल्या की चहा सांडला.

त्यांनीच लोइसची चप्पल सांगितली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या गटांची, सुरुवात 1935 मध्ये अमेरिकेत अॅक्रन गावी झाली, बिल आणि डॉक्टर बॉब या दोघांपासून. बिलची दारू 1934 च्या डिसेंबरात सुटली. लोइस त्याची बायको. इतकी वर्षं तिनं नोकरी करून घर चालवलं, त्याला सांभाळलं, आणि सुटल्यावर हा आपला रोज मीटिंगांना. एका रविवारी तो म्हणाला, आटप, मीटिंगला उशीर होतोय. तिनं बूट फेकून मारला. खड्ड्यात गेल्या तुझ्या मीटिंगा! मग तिलाच नवल वाटलं, की आता तो पीत नाही, तरी आपल्याला इतका राग का आला? त्यातून घरच्यांचे वेगळे गट निघाले, 1951 मध्ये त्यांना अल-अॅनॉन नाव मिळालं. आजी बूट न म्हणता चप्पल म्हणायच्या. आम्हाला ते जास्त पटायचं.

माझी चप्पल मुलाच्या ॲडमिशनवरून निघाली. मेकॅनिकल घ्यायचं की कॉम्प्युटर, यावर तो मत द्यायला लागला. मी थंडपणे विचारलं, ‘आठवीत त्याची तुकडी कोणती होती?’ त्याला माहीत नव्हतं. जिंकले. पण मुलगा उठून बाहेर गेला. पालकसभेला मी एकटी, गॅसचा नंबर मी, विम्याची सही मी. चौदा वर्षं मी तक्रार करत होते की हा माणूस घरात लक्ष घालत नाही. तो लक्ष घालायला लागला तेव्हा मला ते माझ्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं.

एटीएम कार्डाचंही तेच. पगार माझ्याकडे, कार्ड माझ्याकडे. त्यानंच दिलं होतं, केंद्राच्या सल्ल्यानं, आणि पहिल्या वर्षी ते योग्यच होतं. रोज पन्नास रुपये घेऊन जायचा. एकदा संध्याकाळी मी विचारलं, चहाचे वीस, रिक्षाचे वीस, वरचे दहा कुठे? तो म्हणाला, ‘केस कापायचेत, साठवतोय.’ मला लाज वाटली, पण कार्ड लगेच दिलं असं नाही. आणखी पाच महिने ठेवलं.

मधे 11 मार्च 2018. त्याच्या भाचीच्या लग्नाला तो ठाण्याला गेला होता, मला ताप होता म्हणून एकटा. रात्री साडेअकराला फोन. ‘मी प्यायलोय. वरातीत. दोन घेतल्या. आता गटातल्या मित्राला बोलावलंय, तो येईपर्यंत तू फोनवर राहा.’ मी चाळीस मिनिटं फोनवर होते. काही बोलले नाही, ढोल ऐकत होते. म्हणून त्याची खरी तारीख 12 मार्च 2018. जूनपासूनचे दिवस पुसून पुन्हा एकपासून मोजले. तुम्ही विचारता ना, कधी बसला? कुणाला वाटेल त्या रात्री उरलासुरला गेला असेल. पण चौदा वर्षांत पहिल्यांदा मला वासावरून न कळता त्याच्या तोंडून कळलं होतं. दुसऱ्या आठवड्यात मी कार्ड त्याच्या पाकिटात ठेवलं आणि रात्रभर जागी राहिले.

कर्जाचं थोडक्यात सांगते. पतसंस्था आणि हातउसने मिळून 2 लाख 40 हजार होते. त्यानं वहीत यादी केली, चार वर्षं फेडत होता. यादीत शेवटचं नाव कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याचं, 640 रुपये. तो बिचारा विसरला होता, घेईना.

आणि एका खोलीत झोपणं. ते तुम्ही विचारत नाही, पण तेच विचारायचं असतं, मला कळतं. मी सहा वर्षं मुलाच्या खोलीत झोपत होते. परत यायला दीड वर्ष लागलं. त्यानं घाई केली नाही, मी आले तेव्हा चर्चा केली नाही. पहिले काही महिने आम्ही फक्त शेजारी झोपलो आणि मी त्याच्या घोरण्यावर पहारा दिला. प्यायलेलं घोरणं वेगळं असतं. पुढचं पुढे झालं. त्यासाठी दोघांनाही आपापल्या शरीराची थोडी ओळख करून घ्यावी लागली, पन्नाशीच्या तोंडावर.

मग कोरोना आला. 4 मे 2020 ला वाइन शॉप उघडली आणि टीव्हीवर त्या रांगा. तो बघत बसला, मग उठून भांडी घासली. पण माझे हाल वेगळेच. घरात, लिफ्टमध्ये, त्याच्या हाताला, भाजीच्या पिशवीला सॅनिटायझर! जिकडेतिकडे स्पिरिट. चौदा वर्षं तयार झालेलं नाक पार गोंधळून गेलं. दिवसातून दहा वेळा माझ्या पोटात गोळा यायचा.

2021 च्या एप्रिलमध्ये मला कोरोना झाला. ताप तीन दिवसांत उतरला, पण वास गेला. सगळाच. हिंगाची डबी नाकाला लावली, काही नाही. मी आतल्या खोलीत, तो बाहेर, दारात ताट ठेवून जायचा. दोघांचे घरात बसायचे दिवस संपल्यावर तो पहिल्यांदा कामावर गेला. संध्याकाळी लॅच उघडल्याचा आवाज आला. मी नेहमीसारखा श्वास घेतला. आत काही आलंच नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून रडायला लागले. तो धावत आला, त्याला वाटलं ऑक्सिजन खाली गेला. बोटाला ते यंत्र लावलं. 97.

मी म्हटलं, ‘मला वास येत नाहीये.’

त्याला कळायला क्षणभर लागला. मग म्हणाला, ‘मला माहितीये तू वास घेतेस. म्हणून तर मी दारात चपला काढायला वेळ लावतो. तुझं होऊ दे म्हणून.’

किती वर्षं? ‘आल्यापासून.’

मी डोळे पुसत म्हटलं, ‘अरे, मग बोलला का नाहीस?’ आणि दोघंही थांबलो, कारण ते ‘अरे’ होतं. मी ‘अहो’ करायला गेले तर तो म्हणाला, ‘राहू दे. हेच चांगलं आहे. पण हाक मारत जा.’

वास परत यायला दीड महिना लागला. पहिला आला तो हिंगाचा नाही. बादलीत भिजवायला त्याचा कामावरचा शर्ट उचलला तेव्हा आला. लेथवर वापरतात त्या कूलंटचा, तेलकट, थोडा गंजलेला. पंचवीस वर्षं तो त्या शर्टांना असणार. मी एकच वास शोधत होते, हा मला कधी आलाच नव्हता.

मागच्या आठवड्यात एक नवीन मुलगी आली होती, तिशीची असेल. गेटपाशी हे सगळं तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे आता तुम्ही वास घेत नाही?’

घेते की. कूलंटचा येतो.