बारा मिनिटांचे कीर्तन

मुंबईतील एका ज्यू समाजकेंद्राच्या सांस्कृतिक कार्यक्रमाची पत्रिका हाती आली, तेव्हा मनोगते, नृत्य, सत्कार आणि चहापान यांच्या गर्दीत छापलेले ‘बेने इस्राएल कीर्तन’ एवढे शब्द माझ्या डोळ्यांत भरले. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. मी केवळ त्यांच्या कीर्तनासाठी गेलो. पांढऱ्या साड्या नेसलेल्या सहा स्त्रिया, एक पेटी आणि एक तबला एवढ्या सरंजामावर बायबलातल्या योसेफाचे आख्यान सुरू झाले. भाऊ त्याचा रंगीत झगा हिसकावून घेतात आणि त्याला कोरड्या विहिरीत टाकतात, इथवर ते पोहोचले, तोच निवेदकाने वेळेअभावी मंडळींचे आभार मानले. मी घड्याळ पाहिले. बारा मिनिटे झाली होती. त्याआधी मलिद्याच्या प्रात्यक्षिकाला, म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे आणि फळांच्या फोडी यांची छायाचित्रे काढण्याला, पाऊण तास मिळाला होता.

मलिद्याबद्दल माझी तक्रार नाही. एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने नवसाला होणारा तो विधी या समाजाच्या अगदी अंतरंगातला आहे. परंतु समाजाचे साहित्य म्हणून काही दाखवायचे असेल, तर कीर्तनाइतके बोलके दुसरे काही नाही, आणि ते नमुन्यादाखल दाखवण्याची वस्तूही नाही.

कोकणात घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ ठरलेले हे लोक घरात मराठीच बोलत आले. गावाच्या नावापुढे ‘कर’ लावून पेणकर, रोहेकर, दिवेकर झाले. त्यांच्या सणांची जुनी नावे ऐकावीत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. शेवटचा तर जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकाचा उपास, पण त्याला नाव मिळाले ते वालाच्या बिरड्यावरून. प्रार्थना मात्र हीब्रूत होती, आणि ती पाठ असली तरी तिचा अर्थ फार थोड्यांना कळत असे. एकोणिसाव्या शतकात बायबलच्या कथा मराठीत सविस्तर उपलब्ध झाल्या, त्या मुख्यतः ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या भाषांतरांतून. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हीब्रूचे व्याकरणही छापले. आपल्याच पूर्वजांच्या गोष्टी परक्याच्या मुखाने, त्याच्या हेतूसह ऐकाव्या लागणे ही स्थिती कुणाला तरी खुपणारच होती.

१८८० च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कीर्तन हाती घेतले ते या पार्श्वभूमीवर. त्यासाठी कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन झाले. हरिदासांचा बाज, मराठी छंद, निरूपण आणि पद यांची ये-जा, सारे शेजारच्या देवळातले. आख्यान मात्र अब्राहामाचे, मोशेचे, एस्तेरचे. याला कोणी उसनवारी म्हटले तर मला ते पटत नाही. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला स्वतःची गोष्ट सांगायची झाली, तर तो दुसऱ्या कोणत्या रीतीने सांगेल?

छापील मराठीचा प्रवासही याच दिशेने गेला. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री घरोघरी वाचली जाणारी हगादा ही पोथी १८४६ मध्येच मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापाने निघाली होती. पुढे १८७४ मध्ये पुण्यात सचित्र हगादा छापली गेली. तिच्यातील एक चित्र मी पुनर्मुद्रणात बराच वेळ न्याहाळत बसलो होतो: बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका जमिनीवर बसलेल्या आहेत आणि त्यांच्या अंगावर साड्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हीब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, तीही सभेत, कुटुंबात, मोठ्याने म्हटली जावीत म्हणूनच. हे साहित्य कपाटातल्या वाचकासाठी नव्हते. त्याला बसायला माणसे लागतात, साथीला पेटी लागते आणि मुख्य म्हणजे वेळ लागतो. समाजकेंद्राकडे या तिन्ही गोष्टी असतात, म्हणून तर मला त्या बारा मिनिटांचे वाईट वाटले.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि कीर्तनाचा श्रोताही त्यांच्याबरोबर पांगला. तरी तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. इकडे कीर्तन टिकले ते पुष्कळसे स्त्रियांच्या गळ्यात. पूर्वी पुरुष कीर्तनकार उभा राहत असे, तिथे आता त्यांचे मंडळ बसते. संयोजकांना मी एवढेच सुचवेन की वर्षातून एक संध्याकाळ भाषणांवाचून ठेवावी, एकच आख्यान संपूर्ण होऊ द्यावे आणि पदांचे छापील कागद श्रोत्यांच्या हाती द्यावेत. मुलांना सगळे कळणार नाही. आम्हालाही लहानपणी पूर्वरंग कळत नव्हता.

चहाच्या वेळी त्या सहांपैकी सर्वांत वयस्कर बाई खुर्चीत बसल्या होत्या. मी जवळ जाऊन विचारले, “आजी, पुढे काय होतं?” त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याची वही काढली, चष्मा पुसला आणि पेटीवाचूनच पुढचे पद धरले. मिसरला निघालेला व्यापाऱ्यांचा तांडा आला, योसेफाला वर काढले, वीस रुप्यांना सौदा ठरला. कपबशा हातात घेऊन चार-पाच जण थांबले. मागे सभागृहातले लोक खुर्च्या एकावर एक रचू लागले होते. बाईंनी पान उलटले आणि आवाज थोडा चढवला.