मेलेली शेळी हलवू नका

रात्रीची लाईट होती म्हणून कांद्याला पाणी भरून पहाटे पाचला घरी आलो, तर आईचा आरडाओरडा. गोठ्यात चार शेळ्या एका कोपऱ्यात दाटून उभ्या, पाचवी नाही. ती सापडली वीसेक पावलांवर, उसाच्या बांधाला. गळ्यावर दातांची भोकं, पोटाकडून थोडी खाल्लेली.

आमच्या निफाड तालुक्यात जुनी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात. गोदाकाठचा ऊस, त्यात सावली, पाणी, शेजारी वस्तीवरची कुत्री. त्याला वेगळं जंगल लागतंय कशाला? ऊसतोड सुरू झाली की फड मोकळे होतात आणि तो वस्तीच्या अंगाला सरकतो. हे फेब्रुवारीतलंच.

चुलत्यांनी पुरायला फावडं घेतलं. शेजारचा एक जण हळूच म्हणाला, "शेळीवर थायमेटचं विष टाकून ठेव, रात्री परत येईलच." येतोही. पण बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला मारणं गुन्हा. शेळी गेली ती गेलीच, वर आपण आत. शिवाय ते मढं गावची कुत्रीही खाणार.

मी वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावला. पलीकडून पहिलंच वाक्य, "दादा, शेळी हलवू नका." सगळं प्रकरण या वाक्यावर तरलं. मी बाभळीच्या फांद्या टाकून कावळे-कुत्री थोपवली आणि ओल्या मातीतल्या ठशांवर घमेली पालथी घातली. वनरक्षक दहाला आले. त्यांनी दाखवलं, कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या नाही. नाहीतर "कुत्र्यांनीच मारली असेल" म्हणून अर्ज तिथंच बसला असता.

मग दोन पंच, फोटो, पंचनामा, पशुवैद्यकीय डॉक्टरांचा अहवाल. खबर ४८ तासांच्या आत द्यावी लागते, ते आपोआप झालं. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के, तीही कमाल मर्यादेत. डॉक्टरांनी किंमत आठ हजार धरली. माझ्या मते बारा, पण दाखवायला बाजाराची पावती नव्हती. आता ठेवतो. आधार, पासबुक दिलं आणि चार महिने हेलपाटे मारले. तिसऱ्या हेलपाट्यात कळलं, बँक विलीन झाल्यावर आयएफएससी बदललाय आणि माझं पासबुक जुनंच आहे. ते आधी कोणी बघितलं असतं तर!

गावाला पिंजरा हवा होता. वनरक्षक म्हणाले, पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि एक उचलला की त्या जागी दुसरा येतो. मला पटलं. पण ज्याच्या पोरावर हल्ला झालाय त्याला हे ऐकवायची माझी हिंमत नाही.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या मावसबहिणीला फोनवर सगळं सांगितलं. तिच्याकडे २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा त्रास. ती म्हणाली, "तुमचा गोठ्याला जाळी लावून थांबतो तरी. आमच्या माडांना काय लावू?"

जाळी लावलीच. आधी कूड चार फुटांचा होता, वरचा भाग उघडा. बिबट्याला ती उडी म्हणजे काहीच नाही. आता छपरापर्यंत जाळी आणि दाराला आतून कडी. खर्च चौदा हजार, भरपाई सहा.

जूनच्या पहिल्या पावसानंतर जाळीबाहेर चिखलात ठसे दिसले. नखं नव्हती. आई म्हणाली, "येऊन गेला वाटतं," आणि शेळीची धार काढायला बसली.